जुन्या लॅपटॉपवर कॉर्सेअर डेकवर कसं उतरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: दहाएक वर्षांचा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, दांडा पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा पल्ला) देता येणारी साधी जॉयस्टिक आणि 'आयएल-२ स्टुर्मोविक १९४६' या विमान उडवण्याच्या संगणक-खेळातलं एफ४यू कॉर्सेअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान. धावपट्टीवर विमान नीट उतरतं. विमानवाहू नौकेच्या डेकवर मात्र चाकं टेकताच उसळी मारून विमान थांबवणाऱ्या सगळ्या आडव्या तारांवरून पुढे निघून जातं, नाहीतर नौकेच्या मागेच डावा पंख पडून समुद्रात जातं. नवा संगणक घेतल्याशिवाय हे जमणार नाही का?

जमेल. उसळी आणि डावा पंख या दोन्ही तक्रारी तुमच्या लॅपटॉपच्या नाहीत. १९४२ साली खऱ्या कॉर्सेअरच्या डेकवरच्या चाचण्यांत याच दिसल्या होत्या. जुनं हार्डवेअर एवढंच करतं की तुमच्या हाताची दुरुस्ती विमानापर्यंत उशिरा आणि वेडीवाकडी पोहोचवतं. म्हणून लॅपटॉप वेगवान करण्याच्या मागे लागू नका, तो एकसारखा चालेल एवढं बघा. आणि विमान डेकपर्यंत असं आणा की शेवटच्या पाच सेकंदांत दुरुस्त करण्यासारखं फार काही उरणार नाही.

आधी विमान समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक सूचना त्याच्या बांधणीतून येते. कॉर्सेअरचा पहिला नमुना २९ मे १९४० रोजी उडाला. प्रॅट अँड व्हिटनीचं अठरा सिलिंडरचं आर-२८०० इंजिन, २००० अश्वशक्ती, आणि ती ताकद वापरायला चार मीटरहून थोडा मोठा प्रॉपेलर. तो जमिनीला लागू नये आणि तरी चाकांचे पाय आखूड, मजबूत राहावेत म्हणून पंख मुळाशी खाली वाकवला. पुढे जास्त मशिनगन पंखांत बसवायच्या ठरल्या, तेव्हा तिथलं इंधन हलवावं लागलं. २३७ गॅलनची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात आली आणि कॉकपिट जवळजवळ तीन फूट मागे सरकलं. समोरचं ते लांबलचक नाक असं तयार झालं.

सप्टेंबर १९४२ मध्ये यूएसएस सँगॅमनवर चाचण्या झाल्या. समोरचं दिसेना, चाकांचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर विमानाला परत वर फेकत, आणि वेग उतरला की डावा पंख उजव्याच्या आधी उचल सोडून देई. उपाय टप्प्याटप्प्याने सापडले. सीट उंच झाली, पिंजऱ्यासारख्या हूडच्या जागी फुगीर हूड आलं, शेपटीच्या चाकाचा पाय उंचावला, शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमध्ये बदल झाले. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी ठोकली, म्हणजे तोही पंख डाव्याच्या बरोबरीने उचल सोडेल. रॉयल नेव्हीने मात्र सगळे बदल पूर्ण होण्याची फार वाट पाहिली नाही. ३ एप्रिल १९४४ ला जर्मन युद्धनौका टिर्पिट्झवर हल्ला झाला तेव्हा एचएमएस व्हिक्टोरियसची कॉर्सेअर संरक्षणाला होती. त्याच महिन्यात १९ तारखेला एचएमएस इलस्ट्रियसची कॉर्सेअर हिंदी महासागरातून सुमात्राजवळच्या सबांगवर गेली, त्या ताफ्याचा तळ श्रीलंकेत त्रिंकोमालीला होता. अमेरिकन नौदलाने आपल्या नौकांवर या विमानाला सर्रास परवानगी दिली ती १९४४ च्या एप्रिलमध्येच. विमान तेच, इंजिन तेच. फरक पडला तो काही किरकोळ बदलांनी आणि उतरण्याच्या पद्धतीने. तुमच्यासाठी यातला व्यवहाराचा भाग असा: शिकताना उंच सीटचं एफ४यू-१ए किंवा १डी निवडा, पिंजऱ्याच्या हूडचं सुरुवातीचं मॉडेल नको.

दुसरं, सरळ डेक म्हणजे काय ते नीट ध्यानात घ्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली जुनी विमानवाहू नौका विक्रांत पाहिली आहे. तिचा डेक तिरका होता. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं तेव्हा शेपटीखालचा हुक तारेत अडकला नसता, तर थ्रॉटल (इंजिनची ताकद) पूर्ण देऊन पुन्हा उडायला पुढे मोकळी जागा होती. तिरका डेक १९५० च्या दशकातला. कॉर्सेअरच्या काळात तारांच्या पुढे विमान अडवणारं बॅरियर आणि त्याच्यापुढे आधी उतरलेली विमानं उभी असत. डेकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात दोन बॅट घेऊन उभा असलेला अधिकारी 'कट'ची खूण करी, वैमानिक थ्रॉटल पूर्ण बंद करी, आणि त्यानंतर परत फिरणं नाही. म्हणजे निर्णय चाकं टेकण्याच्या आधी व्हायचा. आधुनिक जेट सिममध्ये (विमान उडवण्याच्या खेळात) हात बसलेले लोक टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतात. कॉर्सेअरमध्ये ती सवय घातक आहे. कमी वेगात २००० अश्वशक्ती एकदम मिळाली की विमान डावीकडे लोळतं आणि एलेरॉन (पंखांवरचे, कल सांभाळणारे पल्ले) ते थांबवू शकत नाही.

आता लॅपटॉप. खेळात शिफ्ट आणि टॅब दाबून कन्सोल उघडा आणि 'एफपीएस स्टार्ट शो' ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात तो आकडा पडद्यावर येईल. मोकळ्या आकाशात दिसणाऱ्या आकड्याला किंमत नाही, नौका पडद्यावर मोठी होत जाते तेव्हा तो किती खाली येतो ते पाहा. समजा तिथे २० फ्रेम मिळतात. म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंदांची, आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरने तीन फ्रेम रांगेत ठेवल्या तर तुम्ही बघत असलेलं चित्र १५० मिलिसेकंद शिळं. तेवढ्यात विमान डेककडे सुमारे पाच मीटर सरकलेलं असतं. पण त्रास त्या पाच मीटरचा कमी, हाताच्या गोंधळाचा जास्त. तुम्ही स्टिक ओढता, काही घडलेलं दिसत नाही, म्हणून आणखी ओढता, मग दोन्ही एकदम लागू होतं. विमान डोलायला लागतं आणि प्रत्येक दुरुस्ती ते डोलणं वाढवते.

उशीर ठरावीक असेल तर हात तो शिकून घेतो. बदलता उशीर शिकता येत नाही. म्हणून साठ आणि वीसमध्ये हेलकावे खाणाऱ्या फ्रेमरेटपेक्षा तीसवर बांधलेला शंभर पटींनी बरा. रिव्हाट्यूनरसारख्या मोफत साधनाने मर्यादा घाला. ग्राफिक्समधली रांगेतल्या फ्रेमची संख्या एकवर आणता येत असेल तर आणा. खेळात भूप्रदेशाची पातळी 'परफेक्ट'वरून एक पायरी खाली घ्या. सुंदर पाण्याचे परिणाम त्या पातळीसोबतच येतात आणि समुद्रावरच्या खेळात सगळ्यात जड तेच असतात. सावल्या बंद, ढग साधे. सरावाच्या मिशनमध्ये एकच विमानवाहू नौका ठेवा, सोबतची जहाजं आणि इतर विमानं काढून टाका.

उष्णतेकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. लॅपटॉप गार असताना पहिली दहा मिनिटं छान जातात, मग प्रोसेसर तापतो, स्वतःहून वेग कमी करतो, आणि नेमके तुम्ही नौकेकडे परतत असता तेव्हा चित्र अडखळायला लागतं. पंख्यातली धूळ काढा, जुनी थर्मल पेस्ट बदलून घ्या, लॅपटॉप मागून उचलून ठेवा, चार्जर लावूनच खेळा. फ्रेमची मर्यादा इथेही उपयोगी पडते, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्सला कायम पूर्ण ताकदीने पळावं लागत नाही. लॅपटॉप टीव्हीला जोडला असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्हीही उशीर वाढवतात.

जुना ४:३ मॉनिटर घरात पडून असेल तर तो काढा. या खेळात आडवं दृष्टिक्षेत्र ठरलेलं असतं, त्यामुळे रुंद पडद्यावर चित्राचा वरचा-खालचा भाग कापला जातो. चौकोनी पडद्यावर १०२४ बाय ७६८ मध्ये नाकापलीकडचा डेक खरोखर जास्त दिसतो, आणि कमी पिक्सेलमुळे लॅपटॉपवरचा भारही उतरतो. डिलीट, एंड आणि पेज डाऊन या कळांनी दृष्टिक्षेत्र बदलतं. उतरताना त्यातलं एकच ठरवा आणि कायम तेच ठेवा. दर वेळी वेगळं ठेवलंत तर डेक किती जवळ आला याचा अंदाज कधीच पक्का होणार नाही. मी रुंद दृश्य सुचवेन, कारण वळणात नौका डाव्या खांद्याशी असते.

जॉयस्टिकच्या बाबतीत विंडोजच्या कॅलिब्रेशन खिडकीत हात न लावता खूण थरथरते का ते बघा. जुन्या स्टिकमधले पोटेन्शिओमीटर (स्टिक कुठे आहे ते मोजणारे भाग) झिजलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुष्कळदा त्यांना आणखी काही वर्षं चालवतो. मग खेळाच्या सेटिंगमध्ये स्टिकच्या दोन अक्षांना छोटा डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा) द्या आणि सुरुवातीचे स्लायडर खाली ठेवा, म्हणजे मध्याजवळ हालचाल मऊ राहील. फिल्टर फार वाढवू नका, तो थरथर लपवतो पण उशीर वाढवतो. पिळण्याच्या अक्षाला डेडझोन मोठा हवा. उतरताना तुम्ही स्टिक पोटाशी ओढता तेव्हा मनगट नकळत वळतं आणि न मागितलेला रडर लागतो. तुमच्या डाव्या पंखामागे हेही एक कारण असण्याची शक्यता मोठी आहे. जॉयस्टिक टेबलावर सरकत असेल तर खाली रबरी मॅट टाका किंवा क्लॅम्पने आवळा.

नौकेची तयारी. मिशन एडिटरमध्ये तिला मार्गबिंदू देऊन २५ नॉटने (ताशी २५ सागरी मैल) सरळ चालवा. उभ्या नौकेवर सराव करणं सोपं वाटतं, पण ती उलटी शिकवण आहे. तुम्ही ९० नॉटने येत असाल आणि नौका उभी असेल, तर डेक सेकंदाला ४६ मीटरने अंगावर येतो. नौका २५ नॉटने पुढे जात असेल तर ३३ मीटरने. तारेला जी ऊर्जा शोषायची ती जवळपास निम्मी होते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांनी सीफायर विमानं संथ एस्कॉर्ट कॅरियरवरून (छोट्या विमानवाहू नौकांवरून) चालवली. वारा जवळपास नव्हता, आणि शत्रूपेक्षा कितीतरी जास्त सीफायर डेकवर उतरताना मोडली. डेकवरून वाहणारा वारा एवढा महत्त्वाचा आहे.

आता प्रत्यक्ष उतरणं. खाली दिलेले आकडे मी सिमसाठी सांगतो आहे, या खेळात ते चांगले बसतात.

नौकेच्या उजव्या बाजूने, तिच्याच दिशेने पुढे जा, डावीकडे वळा आणि उलट दिशेने ३०० फुटांवर या, नौका डाव्या हाताला सुमारे एक किलोमीटर. याच टप्प्यात सगळी कामं उरका: चाकं खाली, हुक खाली, फ्लॅप पूर्ण, मिश्रण रिच (इंधन जास्त), प्रॉपेलरची पिच (पात्यांचा कोन) बारीक, हूड उघडं. वेग १०० नॉटवर स्थिर झाला की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पल्ला) आणि रडरचा ट्रिम (पल्ला हाताशिवाय जागेवर धरणारी सोय) असा लावा की क्षणभर हात सोडला तरी विमान भरकटणार नाही. त्यानंतर ट्रिमला हात लावायचा नाही. थ्रॉटल थोडा उघडाच लागेल. इतकं ड्रॅग (हवेचा विरोध) ओढत इंजिनच्या जोरावर लोंबकळत येणं हीच या विमानाची पद्धत आहे.

नौकेचं पुढचं टोक डाव्या पंखाच्या रेषेत आलं की वळण सुरू करा. लवकर वाटेल, पण हिशोब असा: अर्ध्या वर्तुळाला साधारण ३३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात नौका सव्वाचारशे मीटर पुढे गेलेली असते. मागच्या कडेशी आल्यावर वळलात तर वळण संपताना नौकेच्या फार मागे पडाल, मग लांबवर सरळ येताना नाकाने झाकलेला डेक शोधत बसावं लागेल. पंखाचा कल २० ते २५ अंश. मिनिटाला साडेतीनशे-चारशे फूट उतार. अर्धं वळण झालं की उंची २०० फुटांच्या आसपास आणि वेग ९५ नॉट. संपूर्ण वळणात डेक नाकाच्या डाव्या बाजूने दिसत राहतो. कॉर्सेअर उतरवण्याचं मर्म यातच आहे: डेक झाकला जाण्याआधी जवळ पोहोचायचं. पंख सपाट करायचे ते शेवटच्या चार-पाच सेकंदांत, वेग ८८ ते ९०.

उंची थ्रॉटलने सांभाळा, वेग नाकाच्या कोनाने. खाली जाताय? थोडा थ्रॉटल, त्याच्या बरोबरीने थोडा उजवा रडर. नाक वर ओढून उंची मिळवायला गेलात तर वेग जातो, आणि मग डावा पंख. जुन्या जॉयस्टिकचा थ्रॉटल दोन-तीन सेंटिमीटरच सरकतो, म्हणून हात हवेत न ठेवता करंगळी बैठकीवर टेकवा आणि अंगठ्याने बारीक हलवा. मोठा धक्का द्यावा लागत असेल तर आधीचा अंदाज चुकला आहे असं समजा.

समुद्रात पडण्याची तुमची कहाणी मला वाटतं अशी असेल: वळण थोडं उशिरा किंवा रुंद झालं, डेकची मधली रेषा ओलांडून तुम्ही उजवीकडे गेलात, मग कल वाढवून आणि डावा रडर देऊन परत यायला बघितलंत. त्या क्षणी आतला, म्हणजे डावाच, पंख आधी उचल सोडणार. कॉर्सेअर तर त्याला आधीच तयार बसलेलं. यावर एकच नियम पाळा: रेषा ओलांडली की फेरी सोडायची. आधी पंख सपाट, मग थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत वाढवत उजवा रडर, नाक क्षितिजावरच, आणि नौकेच्या डाव्या बाजूने बाहेर. चाकं वर. फ्लॅप वेग वाढल्यावर थोडे थोडे.

बॅटवाल्या अधिकाऱ्याविषयी एक गंमतीची नोंद. अमेरिकन पद्धतीत त्याचे हात वर म्हणजे 'तू उंच आहेस'. जुन्या ब्रिटिश पद्धतीत हात वर म्हणजे 'वर जा'. दोन नौदलं एकत्र लढायला लागल्यावर हा फरक जिवावर बेतण्यासारखा होता, आणि पॅसिफिकमध्ये गेलेल्या ब्रिटिश ताफ्याने अमेरिकन खुणा उचलल्या. तुमच्या पडद्यावर तो अधिकारी नसेल तर निर्णय तुमचा.

डेकची मागची कड नाकाखाली गेली की 'कट'. थ्रॉटल एका हालचालीत पूर्ण मागे. तीन गोष्टी लगेच घडतात. प्रॉपेलर ब्रेकसारखा काम करतो आणि विमान बसतं. नाक खाली पडू पाहतं, ते हलक्या ओढीने तिथेच धरा. आणि इंजिनचा पीळ संपल्यामुळे आतापर्यंत दिलेला उजवा रडर जास्त होतो, म्हणून थ्रॉटलबरोबरच तो सोडा, नाहीतर विमान उजवीकडे, थेट नौकेच्या मनोऱ्याकडे वळेल.

उसळीचं कारण बहुतेक वेळा 'कट'नंतर केलेली घाई असते. डेक दिसावा म्हणून नाक खाली दाबलं जातं, पुढची चाकं आधी आपटतात, शेपटी खाली येते, पंखाचा हवेशी कोन वाढतो आणि शिल्लक वेगावर विमान परत उडतं. हुक तारांच्या वरून जातो. तिन्ही चाकं जवळपास एकदम टेकली तर पंखात उचल उरलेलीच नसते. वेग ९५ च्या वर असेल तरी हेच होतं, मग कोन कितीही नेटका असो. उसळी बसलीच तर स्टिक जागेवर धरा. पुढे ढकलू नका, थ्रॉटल देऊ नका. पुष्कळदा शेवटची एखादी तार सापडते.

सराव आधी एफ६एफ हेलकॅटवर करा. इंजिन तेच आर-२८००, पण वैमानिक उंच बसतो, नाक पुढे उतरतं आणि पंख सभ्यपणे उचल सोडतो. तिथे वळण आणि 'कट'ची वेळ पक्की झाली की कॉर्सेअरमध्ये फक्त कमी दिसण्याची आणि डाव्या पंखाची सवय करायची राहते. प्रत्येक फेरी रेकॉर्ड करा आणि नंतर बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहा. टेकायच्या क्षणी शेपटी किती वर होती आणि 'कट'च्या वेळी वेग किती होता, या दोन गोष्टींत उसळीचं उत्तर सापडतं. लेक्सिंग्टनसारख्या मोठ्या नौकेवर हात बसला की मग कासाब्लांका वर्गाची छोटी नौका घ्या. तिचा डेक १४५ मीटर आणि कमाल वेग १९ नॉट. तिथे इंधन कमी ठेवून या.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. डीसीएस या दुसऱ्या उड्डाणाच्या खेळात २०२५ साली आलेलं एफ४यू-१डी फार देखणं आहे, पण ते या लॅपटॉपवर चालवायचा हट्ट धरू नका. तिथे फ्रेमरेटच स्थिर राहणार नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी रडर पेडल घ्या, वापरलेले मिळाले तरी चालतील. पिळण्याचा अक्ष बंद करता येईल, उजवा हात फक्त स्टिकसाठी मोकळा होईल, आणि पुढे कधी नवा संगणक घेतलात तरी पेडल तेच वापरता येतील. त्यानंतर लांब सरकणारा, वेगळा थ्रॉटल. संगणकाचा नंबर तिसरा.